भिंगरी फ्रेममध्ये सापडते कशी?

पुण्याजवळच्या कवडीपाटला सकाळी सातला पोचलं की आधी भेटतो मुळा-मुठेचा वास, मग बंधाऱ्याखालचा पांढरा फेस. त्या फेसावरून वीतभर उंचीने तारवाल्या भिंगऱ्या, म्हणजे उडता उडता किडे टिपणारे छोटे पक्षी, ये-जा करत असतात. डोक्यावर तांबूस टोपी, पाठ निळी, पोट पांढरंशुभ्र आणि शेपटीला केसाएवढ्या दोन तारा. इतक्या जवळून जातात की वाटतं, आत्ता टिपली. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या दिवशी ४०० मिलिमीटरच्या, दूरचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सने चारेकशे फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर निम्म्यांत नुसतं पाणी, उरलेल्यांत फ्रेमबाहेर पळणारी शेपटी, नाहीतर निळसर डाग.

हात नवशिका होताच, पण खरी गोम भूमितीत होती. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रतिमा टिपणारा भाग, ३६ मिलिमीटर रुंद. त्यावर ४०० मिलिमीटरची लेन्स लावली, तर दहा मीटरवरची जेमतेम ९० सेंटिमीटर रुंदीची पट्टी दिसते. भिंगरीचा वेग सेकंदाला दहा मीटर धरू, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, गल्लीतल्या स्कूटरएवढा. ही पट्टी ती ०.०९ सेकंदात ओलांडते. आणि डोळ्यांना काही दिसल्यावर बोट हलायला आपल्याला साधारण ०.२ सेकंद लागतो. ‘दिसली!’ म्हणेस्तोवर ती दोन मीटर पुढे गेलेली. ६०० मिलिमीटरची लेन्स घेतली तर पट्टी आणखी आक्रसून ६० सेंटिमीटरवर येते. मोठी लेन्स तेवढा चांगला फोटो, हा हिशोब शांत बसलेल्या घुबडासाठी ठीक आहे. भिंगरीपुढे तो उलटतो.

मग लांब उभं राहावं का? दहा मीटरवरून आडव्या जाणाऱ्या भिंगरीमागे लेन्स सेकंदाला ५७ अंशांनी फिरवावी लागते, चाळीस मीटरवर फक्त १४ अंशांनी. हाताला सोपं. पण चाळीस मीटरवर पंधरा सेंटिमीटरची भिंगरी सेन्सरवर उमटते दीड मिलिमीटरची. तीळच म्हणा.

शटर १/२००० सेकंदावर ठेवलं तरी तेवढ्या वेळात भिंगरी पाच मिलिमीटर सरकते. दहा मीटरवर तिची सेन्सरवरची प्रतिमा ०.२ मिलिमीटर फरफटते, म्हणजे चार मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या चार हजारांशांचा) एक पिक्सेल, प्रतिमेचा एक ठिपका, धरला तर पन्नास पिक्सेल! म्हणून लेन्स तिच्याबरोबर फिरवायची, त्यालाच पॅनिंग म्हणतात. ते जमलं की अंग स्पष्ट येतं, पंखांची टोकं मात्र पुसट राहू शकतात, कारण ती अंगाच्या वेगाव्यतिरिक्त स्वतःच्या वेगाने वर-खाली होत असतात. मला तो पुसटपणा आवडतो. सगळंच गोठवलं की पक्षी पेंढा भरल्यासारखा दिसतो. आणि लेन्सवरचं स्टॅबिलायझर? ते आपल्या हाताची थरथर सावरतं, पक्ष्याला थांबवत नाही. दुकानदार हे क्वचितच सांगतो.

मग समोरून येणारी भिंगरी टिपावी म्हटलं, तर लेन्स फारशी फिरवावी लागत नाही, पण फोकस मार खातो. ४०० मिलिमीटर, अपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) एफ ५.६ आणि दहा मीटर अंतर असेल, तर स्पष्ट दिसणारा थर साधारण वीस सेंटिमीटर जाडीचा. भिंगरी तो १/५० सेकंदात पार करते. ऑटोफोकस तिची मागची चाल पाहून पुढची जागा ताडतो. ती सरळ उडते तोवर हे जमतं. चिलटामागे गिरकी घेतली की अंदाज कोसळतो.

आडवी गेली तर हात हरतो, समोरून आली तर फोकस. म्हणून तिरकी येणारी बरी. आणि त्याहून बरा वारा. पक्ष्याचा वेग हवेच्या संदर्भात असतो. सेकंदाला चार मीटरचा वारा तोंडावर असेल, तर दहाच्या वेगाने उडणारी भिंगरी जमिनीच्या हिशोबाने सहानेच सरकते. आपण वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं. वाऱ्याच्या विरुद्ध उडणाऱ्या भिंगऱ्या मग आपल्याकडेच तोंड करून येतात, आणि त्याही सावकाश.

उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा धावतोय तो आजचा नाही. १८८२ मध्ये फ्रान्सच्या एतियेन-ज्यूल मारे यांनी चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला. चाप ओढला की सेकंदाला बारा फोटो, प्रत्येक १/७२० सेकंदाचा. त्यांना देखणा फोटो नको होता, पंख कसा हलतो ते हवं होतं.

मला उपयोगी पडलं ते भिंगरीचं पाणी पिणं. ती उडता उडताच पिते. त्याआधी गिरक्या थांबतात, पंख क्षणभर वर धरले जातात आणि ती सरळ रेषेत पाण्यावर उतरते. पिऊन वळसा घेते आणि पुष्कळदा त्याच वाटेने परत येते. दोन फेऱ्या नुसत्या डोळ्यांनी पाहायच्या, तिसरीला लेन्स उचलायची. पुलाखालच्या मातीच्या घरट्याशी दबा धरणारेही असतात. तिथे फोटो सहज मिळतो, पण पिल्लांची न्याहारी खोळंबते.

तिसऱ्या रविवारी एक फोटो जमला. चोच पाण्यात, मागे फेस चिरत गेलेली बारीक रेघ, डोळ्यात सूर्याचा ठिपका. शेपटीची एक तार मात्र फ्रेमबाहेर राहिली.