बर्फावरच्या गाडीलाच बर्फ कमी पडतो तेव्हा

गुलमर्गला जाऊन आलेल्या आपल्या बऱ्याच मंडळींच्या फोनमध्ये स्नोमोबिलवरचा एक फोटो असतोच, पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद ट्रॅक. पण बाहेर उणे दहा असताना ही गाडी ओव्हरहीट होऊ शकते म्हटलं की कोणाला पटत नाही.

होते मात्र. साध्या मॉडेल्सना पंखा असतो, त्यांचं सोडा. लिक्विड कूल्ड गाड्यांमध्ये बहुतेक वेळा कूलंट फिरतं ते ट्रॅकच्या वरच्या ॲल्युमिनियमच्या छताला लागून, आणि ट्रॅक फिरताना भुसभुशीत बर्फ त्या छतावर उडवत राहतो, तो तिथे वितळतो आणि इंजिनची उष्णता घेऊन जातो. शून्य अंशाच्या १ किलो बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला ३३४ किलोज्यूल लागतात, तेवढ्यात १ लिटर गार पाणी शून्यावरून ८० अंशांवर गेलं असतं! एवढा मस्त कूलर फुकटात मिळतोय म्हटल्यावर मोठा रेडिएटर कोण लावेल.

घोळ होतो तो घट्ट, काचेसारख्या बर्फावर. तिथे उडायला काही नसतंच. मग टेंपरेचरचा दिवा लागतो आणि कधीकधी जळक्या प्लास्टिकचा वास येतो, कारण ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर घासत फिरतो त्यांचं वंगणसुद्धा हा उडालेला बर्फच असतो, तेल-ग्रीस काही नाही. उपाय सोपा, वेग कमी करून कडेच्या मऊ बर्फात थोडं फिरवायचं. नेहमीच असा रस्ता असेल तर स्क्रॅचर बसवतात, म्हणजे बर्फ खरवडत मागे घसटणाऱ्या स्प्रिंगच्या तारा. रिव्हर्स घेताना साध्या तारा उचलायला विसरलात तर त्या मोडतात, आणि माणूस विसरतोच.

दुसरं नेहमीचं दुखणं म्हणजे बेल्ट. आपल्या ॲक्टिव्हात असतो तसाच प्रकार, दोन पुलींमध्ये रबरी बेल्ट, गिअर टाकायची भानगड नाही. इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे सरकत नाही, असं झालं की बेल्ट घसरतोय समजा: झिजलाय, ओला झालाय किंवा तापून गुळगुळीत झालाय. स्पेअर बेल्ट सोबत ठेवायचा आणि कव्हर इंजिन बंद करूनच उघडायचं, त्या पुली बोटांवर दया करत नाहीत.

आता हवेचं बघू. गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर, तिथे हवा समुद्रकाठापेक्षा जवळपास पाव हिश्श्याने विरळ, त्यामुळे इंजिनचा दम तेवढाच कमी. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, म्हणून प्लग काळा पडतो. ते एक वेळ चालेल, पण उंचीसाठी जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल येण्याचं छिद्र) बारीक करून ठेवलेली गाडी तशीच खाली कडाक्याच्या थंडीत पळवली तर उलटं होतं, दाट हवेला पेट्रोल कमी पडतं, प्लग पांढराफटक होतो आणि टू-स्ट्रोकचा पिस्टन वितळायची वेळ येते. माझ्या मते प्लग काढून बघण्याइतकं स्वस्त निदान दुसरं नाही.

आणि सकाळी गाडी चालूच आहे पण हलत नाही, तर आधी खाली वाकून बघा, रात्रीतून ट्रॅक जमिनीला गोठून चिकटलेला असतो. इंजिन बंद करून मागची बाजू उचलायची, धप्पकन सोडायची, दोन-तीनदा. ॲक्सिलेटर पिळत बसलात तर बेल्ट जळेल.