ओढ्यावरची मोटर दोनदा का जळली?

आमच्या ओढ्यावरची २ एचपीची सिंगल फेज मोटर एकाच उन्हाळ्यात दोनदा जळली. दुसऱ्यांदा ती घेऊन उद्यमनगरात गेलो. रिवायंडिंगवाल्या, म्हणजे मोटरीत तारेचे नवे वेढे भरून देणाऱ्या मामांनी झाकण उघडलं आणि जळक्या वार्निशचा वास दुकानभर पसरला. आतली तांब्याची तार कोळशासारखी काळी पडली होती. मामांनी फक्त एवढंच विचारलं, "बोर्डापासनं ओढा किती लांब हाय? आणि केबल कसली टाकलीय?"

"तीनशे मीटर. अडीच एमएमची ॲल्युमिनियम."

"मग मोटर काय करंल बिचारी?"

शाळेत पाठ केलेला रोधाचा धडा मला त्या दिवशी कळला.

तारेतून वीज वाहते तेव्हा धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन पुढं सरकत असतात. धातूचे अणू मात्र जागच्या जागी थरथरत असतात आणि इलेक्ट्रॉनची वाट सतत मोडत राहते. ही अडवणूक म्हणजे रोध. तार दुप्पट लांब घेतली की रोध दुप्पट. काटछेदाचं क्षेत्रफळ दुप्पट केलं की रोध निम्मा. लांबी-जाडीचा हिशेब बाजूला काढल्यावर जे उरतं, तो त्या धातूचा स्वतःचा गुण, म्हणजे रोधकता. तार कितीही कापा, जाड घ्या, बारीक घ्या, तापमान तेच असेल तर तांब्याची रोधकता तीच राहते.

एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर काटछेदाची तार घेतली, तर २० अंश सेल्सिअसला चांदीचा रोध ०.०१५९ ओहम, तांब्याचा ०.०१६८, ॲल्युमिनियमचा ०.०२६५. शेगडीच्या कॉइलमधल्या नायक्रोमचा मात्र १ ओहमच्याही वर, म्हणून तर ती लालबुंद होते.

आता आमचा हिशेब. वीज जाते तशी परतही येते, म्हणून तार ६०० मीटर. (बाजारात 'अडीच एमएम' म्हणतात ती तारेची जाडी नव्हे, अडीच चौरस मिलिमीटर क्षेत्रफळ. यात फार जण फसतात.) ६०० गुणिले ०.०२६५ भागिले २.५, म्हणजे जवळपास ६.४ ओहम. मोटरीनं १० अँपिअर घेतले तरी ६४ व्होल्ट केबलमध्येच गळाले. बोर्डावर २३० असले तर ओढ्यावर पोचले १६६. वर सहाशेहून जास्त वॅट नुसती केबल तापवण्यात गेले. सुरू होताना मोटर कितीतरी पट करंट ओढते, तेव्हा ही गळतीही तितकीच वाढते. आमची मोटर नुसती गुरगुरत बसायची ती यामुळंच.

व्होल्टेज कमी, पाणी मात्र तेवढंच उपसायचं, म्हणून मोटर जादा करंट ओढते. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते: करंट दीडपट, तर उष्णता सव्वादोन पट. शिवाय तांबं तापलं की दर अंशाला त्याचा रोध सुमारे ०.४ टक्के वाढतो. पन्नास अंशांनी तापलेलं वायंडिंग आणखी वीस टक्के अडवणूक करतं. शेवटी तारेवरचं इनॅमल जळतं आणि वेढे एकमेकांना चिकटतात.

लांबी, काटछेद आणि धातू यांचं हे नातं जर्मनीच्या गेओर्ग ओहम यांनी कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता, तारांचे तुकडे बदलून बदलून मोजलं आणि १८२७ साली सविस्तर मांडलं. आधी फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोप्ली पदक दिलं ते १८४१ साली.

रोधकतेत सगळ्यात सरस चांदी. मग हुपरीच्या पैंजणांची चांदी तारेत का नाही? तांब्यापेक्षा ती जेमतेम पाच टक्क्यांनी बरी आणि किंमत कुठल्या कुठं. तरीही दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई असताना अमेरिकेनं अणुबॉम्बसाठी युरेनियम वेगळं करणाऱ्या चुंबकांच्या वेढ्यांना सरकारी खजिन्यातली १३ हजार टनांहून जास्त चांदी वापरली होती.

ॲल्युमिनियमलाही मी दोष देणार नाही. तांब्याइतकं काम करायला त्याचा काटछेद सुमारे १.६ पट लागतो, पण तरी वजन निम्मंच भरतं. म्हणून तर उच्चदाबाच्या मनोऱ्यांवरून त्याच्याच तारा जातात. आमची चूक होती ती जाडीत. नुसतं अडीचचं तांबं टाकलं असतं तरी ४० व्होल्ट गळालेच असते. मामांनी सांगितलं, "धा एमएमची टाका, ॲल्युमिनियमच चालंल."

टाकली. मोटर चालू असताना मीटर लावून पाहिला: बोर्डावर २२८, ओढ्यावर २१२.