फोन पुण्याचा, घंटा नवी मुंबईत

संकटातला फोन आपल्याच शहरात उचलला जावा की दूरच्या एका मोठ्या हॉलमध्ये, हा प्रश्न आहे. पानशेतचा पूर पुणेकरांना नव्याने सांगायला नको. १९६१ साली टेलिफोन मोजक्याच घरांत होता, त्यामुळे मदतीच्या फोनांची झुंबड हा प्रश्नच नव्हता. लंडनमध्ये तो १९३५ मध्येच उभा राहिला होता. एका घराला आग लागली, शेजाऱ्याने फोन लावला आणि तो एक्स्चेंजच्या रांगेत अडकला. पाच जणी दगावल्या. १९३७ मध्ये ९९९ हा तिथला मदतीचा नंबर आला तो रांग मोडायला. आपल्याकडे एकच नंबर हवा म्हणताना सांगितलं गेलं ते लक्षात ठेवायला सोपं म्हणून.

झुंबड आणली मोबाइलने. नवले पुलाच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे ४८ गाड्यांना धडक बसली. असं काही घडलं की बघणारा प्रत्येक जण फोन लावतो. अग्निशमन दलात 'वर्दी' म्हणतात ती घटनेची, फोनची नव्हे. शंभर फोन आले तरी वर्दी एकच. पण शंभरातला एखादा फोन शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्याच माणसाचा असतो. तो पहिल्या वर्दीत मिसळला की संपलं.

खरा वाद ११२ चा, म्हणजे संकटकाळच्या आपल्या एकाच नंबरचा. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या घटनेनंतर मागणीने जोर धरला, २०१५ मध्ये शिफारस झाली, महाराष्ट्रात तो २०२१ मध्ये सुरू झाला. फोन उचलला जातो नवी मुंबईत, तिथे तुंबला तर नागपुरात; गाडी पाठवतो पुण्याचा कंट्रोल रूम. हिशेब साधा आहे. जिल्ह्याजिल्ह्यात चार-चार माणसं बसवण्यापेक्षा एका मोठ्या हॉलमध्ये तेवढीच बसवली तर फोन कमी तुंबतात, कारण सगळीकडे एकाच वेळी आग लागत नाही.

पाऊस मात्र लागतो. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सुटलं, सिंहगड रस्त्यावरची एकता नगरी बुडाली आणि त्याच दिवशी मुंबई-रायगडातही धो-धो कोसळत होता. अशा दिवशी मोठ्या हॉलचा फायदा आटतो. शिवाय घाबरलेला माणूस पिनकोड सांगत नाही, 'दांडेकर पुलाखाली' म्हणतो. मोबाइलचं लोकेशन पडद्यावर दिसतं हे खरं, पण ते मजला सांगत नाही. आणि फोन पटकन उचलला म्हणून बोटी वाढत नाहीत. माझा कल स्थानिक कंट्रोल रूमकडे आहे, लपवत नाही.

तरी पुणेकरांनी फार ताणू नये. १०८ च्या ९३७ रुग्णवाहिकांची योजना २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून राज्यभरचे फोन आपल्या औंधला वाजतात. नंदुरबारमधल्या धडगावचा पाडा औंधच्या खुर्चीला कसा सापडतो, हे विचारणारा पुणेकर अजून भेटलेला नाही.