दुबईला मुलांकडे जाताना: पासपोर्ट, व्हिसा आणि सामानातील खसखस

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतील बऱ्याच घरांतील मुले आखाती देशांत नोकरीला आहेत आणि पावसाळा सरला की आई-वडिलांनी महिना-दोन महिने दुबईला जाऊन राहण्याचे बेत ठरू लागतात. अशा वेळी तिकिटाची घाई आधी होते आणि कागदपत्रे मागाहून पाहिली जातात. वास्तविक सुरुवात पासपोर्टपासून करावी.

पासपोर्टचा अर्ज पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर भरून, शुल्क जमा करून भेटीची वेळ घ्यावी लागते. 36 पानी साध्या पासपोर्टचे शुल्क 1500 रुपये असून तत्काळसाठी 2000 रुपये जादा पडतात. साठ वर्षांवरील व्यक्तीला नव्या साध्या अर्जावर 10 टक्के सवलत मिळते. अर्ज देशातील कोणत्याही केंद्रावर करता येतो, पण पोलीस पडताळणी अर्जात दिलेल्या पत्त्यावरच होते. त्यामुळे आधारवर मुलाच्या डोंबिवलीच्या खोलीचा पत्ता आणि प्रत्यक्ष मुक्काम गुहागरला, अशी स्थिती असेल, तर आधी आधारवरील पत्ता बदलून घेणे शहाणपणाचे.

अर्ज सर्वांत जास्त अडतात ते नावापाशी. आईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि पॅनकार्डावर आडनावच नाही, असे तीन कागद एकाच पिशवीत निघणे आपल्याकडे नवीन नाही. जुन्या लग्नांची नोंद बहुधा झालेली नसते; ती गावच्या ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) करून दाखला घेतल्यास दोन्ही नावांचा दुवा जुळतो. पासपोर्टवर नाव आणि आडनाव हे दोन्ही रकाने भरलेले असावेत, कारण 2022 च्या नोव्हेंबरपासून संयुक्त अरब अमिराती (यूएई, दुबई याच देशात येते) एकच शब्दाचे नाव असलेल्या प्रवाशाला भेट व्हिसावर प्रवेश देत नाही. शेवटच्या पानावरील वडिलांचे नाव काही वेळा ग्राह्य धरले जाते, पण त्या भरवशावर विमानतळ गाठू नये.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘इसीआर’ (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक) शेरा येतो. नोकरीसाठी यूएई, सौदी, कुवेत, कतार अशा ठरावीक देशांत जाताना अशा व्यक्तीला उत्प्रवासी संरक्षकाची (‘प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स’ या भारत सरकारच्या अधिकाऱ्याची) परवानगी लागते. परतीच्या तिकिटासह भेटीला जाणाऱ्याला ती लागत नाही, शिवाय पन्नाशी उलटलेल्यांना हा शेरा लागूच होत नाही. एवढ्यासाठी एजंटाला पैसे मोजणारी माणसे पाहिली की वाईट वाटते.

भेट व्हिसा 30 किंवा 60 दिवसांचा मिळतो आणि तो मुलगा, विमान कंपनी किंवा ट्रॅव्हल एजन्सीमार्फत काढता येतो. त्यासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, परतीचे तिकीट आणि राहण्याच्या ठिकाणाचा पुरावा तयार ठेवावा. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला 50 दिरहम दंड बसतो.

सामान भरताना मसाल्याकडे मात्र बारकाईने पाहावे. त्या देशात खसखस बाळगण्यास बंदी आहे, आणि आपल्या मालवणी मसाल्यात धणे, बडीशेप, दगडफुलासोबत ती बहुतेक घरी भाजून टाकलेली असते. दिवाळीचे अनारसे तर खसखशीवरच थापले जातात. मुलांसाठी मसाला न्यायचाच असेल, तर खसखस वगळून वेगळा कुटावा. गुडघेदुखीच्या वा खोकल्याच्या औषधांत ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असल्यास तेथील सरकारची ऑनलाइन पूर्वपरवानगी घ्यावी लागते. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातील पिशवीतच ठेवाव्यात.