व्हेरिएबल फॉन्ट (वेब डिझाइन)

अक्षरांची जाडी, रुंदी, तिरपेपणा असे गुण एकाच फाइलमधून सलग बदलता येतात, अशा फॉन्टला व्हेरिएबल फॉन्ट म्हणतात. १९९०च्या दशकात ॲडोबीच्या मल्टिपल मास्टर आणि ॲपलच्या ट्रूटाइप जीएक्स या तंत्रांचा रोख हाच होता. आजचे स्वरूप ॲडोबी, ॲपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट यांनी सप्टेंबर २०१६मध्ये मिळून जाहीर केलेल्या ओपनटाइप १.८मधून (ओपनटाइप हा फॉन्ट-फाइलचा प्रकार) आले.

फाइलमध्ये मूळ आकृती एकदाच असते. तिचा प्रत्येक बिंदू कोणत्या अक्षावर (म्हणजे बदलता येणाऱ्या गुणावर) किती सरकायचा, याची फक्त नोंद असते. प्रमाणित अक्ष पाच: जाडी, रुंदी, तिरपेपणा, इटॅलिक आणि ऑप्टिकल साइझ (अक्षरे लहान-मोठी वापरताना त्यानुसार बदलणारा घाट). ‘अनेक देवनागरी’ फॉन्टमध्ये जाडी १०० ते ८०० आणि रुंदी ७५ ते १२५ टक्के बदलते.

सीएसएसच्या (वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) फॉन्ट-फेस नियमात, म्हणजे फॉन्टची फाइल पानाला जोडतो तिथे, जाडीची पूर्ण कक्षा (उदा. १०० ८००) लिहावी. ती राहिली, तर ब्राउझर फाइल फक्त ४०० म्हणजे नेहमीच्या जाडीची धरू शकतो आणि ठळक मजकुरासाठी अक्षरे कृत्रिमरीत्या फुगवतो. देवनागरीत मग ‘ष’, ‘भ’ यांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजतात. पुढे जाडीसाठी फॉन्ट-वेट, रुंदीसाठी फॉन्ट-स्ट्रेच हेच गुणधर्म वापरावेत. फॉन्ट-व्हेरिएशन-सेटिंग्ज हा अक्षांची मूल्ये थेट देणारा गुणधर्म शेवटचा पर्याय ठेवावा, कारण त्यातली मूल्ये एकमेकांत मिसळत नाहीत: त्यातून बाहेरच्या घटकावर जाडी ७०० दिली आणि आतल्यावर फक्त रुंदी ८० दिली, की आतली ७०० जाडी जाते.

देवनागरीला सर्वांत मोठा फायदा रुंदीच्या अक्षाचा. लांब मथळा अरुंद रकान्यात बसवताना अक्षरांमधले अंतर कमी केले, तर अक्षरे एकमेकांवर चढतात. वाढवले, तर शिरोरेषा तुटते. रुंदी १००वरून ८५वर आणली की शिरोरेषा अखंड राहते आणि उभ्या रेघांची जाडीही फारशी बिघडत नाही. मात्र रुंदी किंवा जाडी ॲनिमेट केली, की ओळी पुन्हा मोडतात आणि पान हलते.

या फॉन्टमध्ये एकमेकांवर आलेले आकार बहुधा तसेच ठेवलेले असतात. त्यामुळे अक्षरांना नुसती बाह्यरेषा दिली, तर काना शिरोरेषेला भेटतो तिथे आतल्या रेघा दिसतात.

एक-दोनच जाड्या लागणार असतील, तर स्थिर फॉन्ट (प्रत्येक जाडीची वेगळी फाइल असलेले) बरे. त्यांची फाइल सहसा लहान असते. फाइल छाटताना, म्हणजे नको असलेली अक्षरे काढून लहान करताना, जोडाक्षरांचे नियम काढू नयेत, नाहीतर ‘क्ष’, ‘त्र’ हलन्तासह सुटे दिसतात. युनिकोडमधली ०९०० ते ०९७एफ ही देवनागरीची कक्षा ठेवून भागत नाही. तिच्याबाहेरचे २००सी आणि २००डी हे अदृश्य विलगक आणि जोडकही (अक्षरे सुटी ठेवणारे आणि जोडणारे) ठेवावे लागतात.