प्राचीन ग्रीक संस्कृतीचे अध्यापन

प्राचीन ग्रीकांची भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान, कला व राज्यव्यवस्था आणि या सर्वांचा नंतरच्या जगावर उमटलेला ठसा शाळा-महाविद्यालयांतून शिकविण्याची परंपरा. ती खुद्द ग्रीकांपासून चालत आली आहे. मात्र दर काळाने आपल्या गरजेपुरता ग्रीस निवडला आणि तोच खरा ग्रीस म्हणून पुढच्या पिढीला शिकविला. त्यामुळे ग्रीकांनी काय दिले याच्या जोडीला कोणी, कोणत्या वाटेने आणि काय वगळून घेतले, हे या विषयात सांगावेच लागते. ते वगळले तर हाती उरते ती थोरांची नामावळी.

अभिजात काळातील अथेन्समध्ये शिक्षण खाजगी होते. अक्षरे व वाचन शिकविणारा ग्रामातिस्तेस, लायर हे तंतुवाद्य शिकविणारा किथारिस्तेस आणि व्यायाम घेणारा पायदोत्रिबेस असे तीन शिक्षक मुलाला असत. मुलींना या शिक्षणात जवळजवळ जागा नव्हती. मुलाला शाळेत नेणाऱ्या-आणणाऱ्या घरच्या गुलामाला पायदागोगोस म्हणत. अध्यापनशास्त्राला युरोपीय भाषांत जो ‘पेडॅगॉजी’ शब्द आहे, तो या गुलामाच्या नावावरून आला. पाठ्यपुस्तक म्हणजे होमर, त्याची ‘इलियड’ व ‘ओडिसी’ ही महाकाव्ये. ग्रीक व रोमन राजवटीतील इजिप्तच्या कोरड्या वाळूत विद्यार्थ्यांचे पपायरस, खापऱ्या आणि मेण लावलेल्या पाट्या टिकून राहिल्या. त्यांत ‘ओडिसी’पेक्षा ‘इलियड’ कितीतरी अधिक सापडते आणि ‘इलियड’मध्येही सुरुवातीचे सर्ग जास्त. पोर्शन शेवटापर्यंत न पोहोचण्याचा अनुभव ज्या शिक्षकाला आहे, त्याला या खापऱ्या फार जवळच्या वाटतील.

रोमनांनी ही पद्धत जवळपास जशीच्या तशी उचलली. इ.स. पहिल्या शतकातील शिक्षक क्विंटिलियन तर रोमन मुलाला आधी ग्रीकच शिकवावे असे सांगतो, कारण लॅटिन त्याच्या कानावर पडणारच असते. पुढे पश्चिम युरोपात ग्रीक वाचणारे विरळ झाले, पण बायझंटिन, म्हणजे पूर्व रोमन, साम्राज्यातील शाळांत होमर कायम राहिला. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ग्रीक वैद्य गेलेनचे वैद्यकग्रंथ सिरियाक व अरबी भाषांत आणले. अरबी जगाने वैद्यक, गणित, ज्योतिष आणि ॲरिस्टॉटल घेतला. होमर आणि शोकांतिका घेतल्या नाहीत. बाराव्या शतकात टोलेडो येथे टॉलेमीचा खगोलग्रंथ ‘अल्माजेस्ट’ अरबीतून लॅटिनमध्ये आला. म्हणून मध्ययुगीन पॅरिसच्या विद्यार्थ्याला ॲरिस्टॉटल तोंडपाठ असे, पण शोकांतिकाकार सोफोक्लीजची एक ओळही ठाऊक नसे.

इटालियन कवी पेट्रार्कला १३५४ च्या सुमारास होमरची ग्रीक हस्तलिखित प्रत भेट मिळाली. त्याला ती वाचता येत नव्हती. तरीही तिला कवटाळून आपण उसासा टाकतो, असे त्याने पत्रात लिहिले आहे. हे दुखणे पुढच्या पिढीने दूर केले. १३९७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा मान्युएल क्रिसोलोरास फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवू लागला. तो तेथे जेमतेम तीन वर्षे राहिला, पण त्याच्या शिष्यांनी इटलीभर हे शिक्षण पसरविले. त्याचे प्रश्नोत्तररूपी व्याकरण शंभर वर्षांनंतरही वापरात होते. १४९५ ते १४९८ या काळात व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतिउसने ॲरिस्टॉटलचे ग्रंथ मूळ ग्रीकमध्ये पाच खंडांत छापले. एका शिक्षकाच्या तीन वर्षांतून एवढे घडल्याचे दुसरे उदाहरण शिक्षणाच्या इतिहासात सहज सापडणार नाही.

अठराव्या शतकात जर्मनीत ग्रीसचे वेड आले. कलेतिहासकार विंकेलमानने ‘उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता’ हे ग्रीक कलेचे लक्षण ठरविले. तो स्वतः ग्रीसला कधी गेला नाही. त्याने पाहिलेल्या मूर्ती बहुतांशी रोमन नकला होत्या. १८०९-१० मध्ये प्रशियाचे शिक्षणखाते सांभाळणाऱ्या विल्हेल्म फोन हुम्बोल्टने माध्यमिक शिक्षणाच्या केंद्रस्थानी ग्रीकला बसविले. माणूस घडवायचा तर व्यवसायशिक्षणाआधी ग्रीक हवे, अशी त्याची धारणा होती. इंग्लंडमध्ये हेच ज्ञान सत्तेचा परवाना झाले. १८५५ पासून भारतीय मुलकी सेवेसाठी लंडनमध्ये जी खुली परीक्षा सुरू झाली, तिच्यात ग्रीक व लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण होते. संस्कृत व अरबीला प्रत्येकी ३७५. ज्या देशावर राज्य करायचे, त्याच्या अभिजात भाषेला निम्मे मोल. ग्रीकचा अभ्यास निर्मळ ज्ञानासाठी होता, हा समज या एका गुणपत्रकापुढे टिकत नाही. पहिल्या महायुद्धानंतर केंब्रिजने १९१९ मध्ये व ऑक्सफर्डने १९२० मध्ये ग्रीकची सक्ती उठविली.

तेथून विषयाचा कणा बदलला. भाषेऐवजी संस्कृती, मुळाऐवजी भाषांतर असे वळण आले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९३७ मध्ये सुरू केलेल्या सक्तीच्या साहित्यक्रमात विद्यार्थी होमर, शोकांतिका, प्लेटो इंग्रजीतून वाचू लागले. दारे त्यामुळे खूप उघडली, आणि ही मिळकत मोठी आहे. पण ‘देमोस’ (ढोबळमानाने जनता), ‘आरेते’ (सद्गुण, श्रेष्ठता), ‘हुब्रिस’ (उन्मत्तपणा) अशा शब्दांना एकच प्रतिशब्द नसतो. मूळ शब्द फळ्यावर लिहून त्याच्या छटा उलगडणारा शिक्षक भाषांतराच्या वर्गालाही लागतोच.

खुद्द ग्रीसमध्ये हा वाद रस्त्यावर आला. १९०१ मध्ये बायबलमधील शुभवर्तमानाचे बोलभाषेतील भाषांतर वृत्तपत्रात छापले गेले म्हणून अथेन्समध्ये दंगल होऊन आठ जण मेले. १९०३ मध्ये प्राचीन शोकांतिकाकार एस्किलसच्या नाट्यत्रयीच्या भाषांतरित प्रयोगावरून पुन्हा रक्त सांडले. पूर्वजांची भाषा की आपली, हा प्रश्न तेथे इतका जिव्हारी लागणारा होता. १९७६ च्या सुधारणेने कनिष्ठ माध्यमिक वर्गांत मूळ ग्रीक थांबवून भाषांतरे आणली; १९९० च्या दशकाच्या आरंभी मूळ भाषा त्या वर्गांत परतली.

प्रभाव शिकविताना वस्तू सर्वांत चांगल्या बोलतात. ग्रीक मूर्ती म्हणजे शुभ्र संगमरवर, ही समजूत सार्वत्रिक आहे. वास्तविक त्या मूर्ती लाल, निळ्या, पिवळ्या रंगांत रंगविलेल्या असत. या शुभ्रतेच्या हट्टापायी १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पे तांब्याच्या हत्यारांनी खरवडून ‘स्वच्छ’ केली गेली आणि दगडाचा मूळ पृष्ठभाग कायमचा गेला. २००३ पासून रंगीत प्रतिकृतींची प्रदर्शने भरत आहेत. पांढरी आणि रंगीत अशी दोन चित्रे शेजारी ठेवली, की प्रभाव आणि विपर्यास यांतला फरक मुलांना लगेच दिसतो.

मॅरेथॉनचेही तसेच. प्राचीन ऑलिंपियात सर्वांत लांब शर्यत जास्तीत जास्त चार-पाच किलोमीटरची होती. मॅरेथॉन ही फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआलची कल्पना. ती १८९६ मध्ये प्रथम धावली गेली. ऑलिंपियाहून मशाल धावत नेण्याची प्रथा तर १९३६ च्या बर्लिन स्पर्धेपासूनची, म्हणजे नाझी राजवटीतली.

लोकशाहीच्या पाठासाठी अथेन्समधील अक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरील विहिरीत सापडलेल्या खापऱ्या पुरेशा आहेत. अथेन्समध्ये एखाद्याला दहा वर्षे हद्दपार करायचे तर नागरिक त्याचे नाव खापरीवर कोरीत. या विहिरीत थेमिस्टोक्लीज या राजकारण्याच्या नावाच्या सुमारे १९० खापऱ्या निघाल्या, आणि अक्षर पाहता त्या अवघ्या चौदा हातांनी लिहिलेल्या. वाटण्यासाठी आधीच तयार ठेवलेली मते! स्त्रिया, गुलाम आणि परके रहिवासी या मतदानात नव्हते, हेही त्याच पाठात सांगावे लागते.

नाटक वर्गात वाचण्यापेक्षा उभे राहून करण्याची गोष्ट आहे. दक्षिण आफ्रिकेच्या रॉबेन बेटावरील कैद्यांनी सोफोक्लीजचे ‘अँटिगनी’ केले तेव्हा क्रेऑनची, म्हणजे जुलमी राजाची भूमिका नेल्सन मंडेलांनी केली होती. मराठीत पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ आणले. मराठी साहित्याच्या वर्गात ॲरिस्टॉटलचे विरेचन (कॅथार्सिस, म्हणजे शोकांतिकेतून होणारा भावनांचा निचरा) भरताच्या रससिद्धांताशेजारी ठेवून शिकविले जाते, आणि करुणरसाचा आनंद का होतो या प्रश्नावर दोन्ही परंपरा एकमेकींना उजळतात.

महाराष्ट्रातल्या शिक्षकाला आणखी एक वाट मोकळी आहे. ‘केंद्र’ हा शब्द ग्रीक ‘केन्त्रोन’वरून ज्योतिषमार्गे संस्कृतात आला, ‘सुरुंग’ची व्युत्पत्ती ग्रीक ‘सिरिंक्स’कडे नेतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक खांबांवर धेनुकाकट येथील यवनांची दाने कोरलेली आहेत, तर नाशिकच्या पांडवलेण्यांतील सतराव्या लेण्याचा दाता दत्तामित्री या नगराचा योनक आहे. ‘यवन’ व ‘योनक’ ही नावे ‘आयोनियन’ या ग्रीकांच्या एका शाखेच्या नावावरून आलेली. लेखांची भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, दान बौद्ध संघाला. आणि नाशिकच्या त्या योनकाचे नाव इंद्राग्निदत्त.