एका कळीचे चार धनी

माझी मावसबहीण प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. गेल्या उन्हाळ्यात तिला एक ऑनलाइन प्रशिक्षण पुरं करायचं होतं. ब्राउझरमध्ये उघडायचं, व्हिडिओ बघायचे, मध्येमध्ये येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं लिहायची. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "दादा, हा कोर्स मला इंग्रजीत लिहूच देत नाही. मराठीत लिहिलं की चालतं."

मला वाटलं, फॉन्टची काहीतरी भानगड असेल. शनिवारी तिच्याकडे गेलो आणि शेजारी बसून बघितलं. प्रश्न परिसर अभ्यासाचा होता. तिने इंग्रजीत 'एन्व्हायर्नमेंट' लिहायला घेतलं. ई उमटलं. एन दाबलं आणि पडद्यावर पुढचा प्रश्न हजर. मागे जाऊन पाहिलं तर पेटीत एकटं ई. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. मग तिने इनस्क्रिप्ट हा मराठीचा कीबोर्ड लावून 'पालक' लिहिलं, ते सरळ उमटलं. गंमत म्हणजे इनस्क्रिप्टमधला ल त्याच एनच्या कळीवर आहे. म्हणजे कळ तीच, बोट तेच, पण एका भाषेत पान पळतं आणि दुसऱ्या भाषेत जागचं हलत नाही.

ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकत असेल." हे मात्र मला फार लागलं. कारण तिचं काहीच चुकत नव्हतं.

कीबोर्ड मुळात अक्षर पाठवतच नाही. अमुक जागेवरची कळ खाली गेली, एवढाच एक आकडा तो पाठवतो. त्या आकड्याचं अक्षर करायचं काम विंडोज किंवा लिनक्ससारख्या प्रणालीचं. कोणता कीबोर्ड लावलाय त्यावर एन की ल हे ठरतं. पण अक्षर पेटीत पडेपर्यंत त्या कळीवर बरेच जण हक्क सांगतात. पाटाच्या पाण्यासारखं आहे हे. वरच्याने दारं आपल्या शेताकडे वळवली की टेलच्या शेताला थेंब मिळत नाही. सगळ्यात वर संगणकाची प्रणाली, म्हणून एका खिडकीतून दुसरीत नेणारं ऑल्ट-टॅब तुम्ही कुठेही असलात तरी चालतं. त्याखाली स्क्रीन रीडरसारखी, म्हणजे अंधांना पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमसारखी सहायक साधनं. मग ब्राउझर. कोर्सचं पान सगळ्यात शेवटी, टेलला. टॅब बंद करणारं कंट्रोल-डब्ल्यू, नवा टॅब उघडणारं कंट्रोल-टी आणि नवी खिडकी उघडणारं कंट्रोल-एन क्रोम साध्या टॅबमधल्या पानाच्या हाती लागू देत नाही. ते योग्यच आहे, नाहीतर एखादं पान स्वतःला बंदच करू देणार नाही.

बहिणीची अडचण मात्र पाटाच्या शेवटच्या टोकाला, पानाच्या आतच होती. पेटीत दाबलेल्या कळीची खबर पेटीपुरती राहत नाही. ती एकेक पायरी वर चढत पानाच्या मुळापर्यंत जाते, आणि तेही अक्षर उमटण्याआधी. कोर्स बनवणाऱ्याने तिथे पहारेकरी बसवला होता: एन आला की पुढचा प्रश्न दाखव. कर्सर या क्षणी लिहिण्याच्या पेटीत आहे का, एवढं विचारायचं त्याला सांगायचं राहून गेलं. मराठी कीबोर्ड लावला की खबरीत 'ल' लिहिलेलं येतं, पहारेकरी एनची वाट पाहत बसतो आणि बहिणीचं उत्तर सुखरूप राहतं. ब्राउझर पानाला दोन्ही गोष्टी सांगतो, उमटणारं अक्षर आणि कळीची जागा. या कोर्सने अक्षर पाहिलं होतं. जागा पाहिली असती तर 'पालक'सुद्धा 'पा'वरच अडकला असता.

ही गफलत दिसते त्याहून जास्त ठिकाणी आहे. बहुपर्यायी प्रश्नात गोल बटणांपैकी एक निवडलेलं असताना बाणाची कळ दाबली, तर ब्राउझर निवड पुढच्या पर्यायावर नेतो. हे त्याचं जुनं आणि शिरस्त्याचं काम. आता कोर्सने उजवा बाण म्हणजे पुढची स्लाइड असं ठरवलं असेल, तर उत्तरही बदलतं आणि स्लाइडही सरकते. माउसने काम करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. ज्याचा हात थरथरतो म्हणून तो कीबोर्डवरच विसंबून आहे, त्याला ते दर प्रश्नाला भोवतं. स्पेसबारची तर आणखी ओढाताण: पान खाली सरकवायचं, बटण दाबायचं, चौकोनात टिक करायची, व्हिडिओ थांबवायचा, आणि शब्दांमध्ये जागा सोडायची ती वेगळीच.

सगळ्यात जास्त सोसावं लागतं ते स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना. एनव्हीडीए हा विंडोजवरचा मोफत स्क्रीन रीडर. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या तरुणाने २००६ साली त्याची सुरुवात केली, आणि तो स्वतः अंध आहे. एनव्हीडीए मराठीही वाचून दाखवतो. पान वाचताना त्यात एकेका अक्षराचे हुकूम चालतात: एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढची लिंक, एल म्हणजे यादी, एम म्हणजे चौकट. आता यूट्यूब आठवा. तिथे के म्हणजे थांबव, एल म्हणजे दहा सेकंद पुढे, एम म्हणजे आवाज बंद. तीच तीन अक्षरं. व्हिडिओ थांबवायला के दाबावं तर एनव्हीडीए ती कळ वरच्यावर उचलतो आणि ऐकणारा कुठल्यातरी लिंकवर जाऊन पडतो, व्हिडिओ चालूच. यातून वाट आहे. एनव्हीडीएची कळ (बहुधा इन्सर्ट) आणि एफ२ दाबलं की पुढची एक कळ तशीच पानाकडे सोडली जाते. पण हे ठाऊक असावं लागतं, आणि दर वेळी करावं लागतं.

काही कोर्सवाले उलट टोकाला जातात. सगळं पान 'हे ॲप्लिकेशन आहे' अशा खुणेत गुंडाळतात. मग स्क्रीन रीडर स्वतःचे हुकूम मागे घेतो आणि जवळपास सगळ्या कळा पानाला देऊन टाकतो. कोर्सचे शॉर्टकट झकास चालतात; शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारत धडा चाळण्याची सोय मात्र गेलेली असते. अंध विद्यार्थ्यासाठी ती सोय म्हणजे पुस्तकाची पानं उलटणं. ती काढून घेणं मला कुठल्याही कारणाने पटत नाही.

यावर नियम आहे. वेबवरच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत, डब्ल्यूसीएजीमध्ये, ५ जून २०१८ रोजी आलेल्या २.१ आवृत्तीत २.१.४ हे कलम घातलं गेलं. एखादा शॉर्टकट नुसत्या अक्षराचा, आकड्याचा किंवा चिन्हाचा असेल, तर तो बंद करता आला पाहिजे, किंवा बदलून कंट्रोल-ऑल्टसारख्या कळीची जोड देता आली पाहिजे, किंवा तो ज्या घटकाचा आहे त्या घटकावर फोकस, म्हणजे कळींचा रोख, असतानाच चालला पाहिजे. तिन्हींपैकी एक पुरे. हे कलम सर्वांत खालच्या, म्हणजे किमान अपेक्षेच्या पातळीवर आहे. बोलून लिहिणाऱ्यांचाही त्यात विचार आहे: कर्सर पेटीबाहेर असताना उच्चारलेला शब्द पानावर अक्षरांच्या सरीसारखा पडतो, आणि प्रत्येक अक्षर हुकूम ठरू शकतं.

आणि कंट्रोल-ऑल्टची जोड दिली म्हणजे सुटलो, असंही नाही. विंडोजच्या भारतीय इंग्रजी कीबोर्डवर रुपयाचं चिन्ह ऑल्ट-जीआर (उजवीकडची ऑल्ट) आणि ४ दाबून येतं, आणि विंडोजच्या लेखी ऑल्ट-जीआर म्हणजे कंट्रोल अधिक ऑल्ट. गणिताच्या कोर्सने कंट्रोल-ऑल्ट-४ वर काही ठेवलं, तर ₹ लिहिणाऱ्या मुलाची पंचाईत.

हक्क सोडून दिल्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. पूर्वी क्रोममध्ये बॅकस्पेस दाबलं की मागचं पान यायचं. कर्सर पेटीबाहेर आहे हे लक्षात न आल्याने लोकांचे अर्धे भरलेले फॉर्म जायचे. २०१६ मध्ये क्रोमने बॅकस्पेसचं हे काम काढून टाकलं.

बहिणीने तोवर स्वतःच वाट काढली होती. उत्तर नोटपॅडमध्ये लिहायचं आणि कंट्रोल-व्हीने पेटीत चिकटवायचं. पेटीत असताना एन दाबायची वेळच येत नाही, त्यामुळे पान हलत नाही. उरलेली अकरा उत्तरं तिने तशीच भरली. मग आम्ही दोघांनी मिळून कोर्स बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं: कोणता ब्राउझर, कोणता कीबोर्ड, काय दाबलं, काय झालं, आणि पहारेकऱ्याने कोणता एक प्रश्न विचारायला हवा. मजकूर माझा होता. पाठवण्याआधी तिने सगळ्यात वर आपल्या हाताने एक ओळ घातली: "माझ्याकडून चूक झालेली नाही, तीनदा करून पाहिलं आहे."